ऐनाच्या बनातला आवाज

"बाई, या बोरीच्या पुढे नाई जावाचं," असं म्हणत फागू वलथऱ्याने हात आडवा धरला. "बाईमानसानं इथंच थांबाचं."

मी थांबले. माझ्यामागून छत्री सावरत येणाऱ्या नागाईबाईही थांबल्या. पुढे काट्यांचं कुंपण होतं, कुंपणापलीकडे ऐनाचं बन, आणि त्या बनातल्या फांदीफांदीवर कोसा रेशमाचे किडे. त्याच किड्यांसाठी ही बाई जपानहून निघून बोटीने, आगगाडीने आणि शेवटी बैलगाडीने भंडाऱ्याच्या जंगलातल्या या मांडवटोल्याला येऊन पोचली होती.

"काय म्हणतात ते?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी फागूकडे पाहिलं. दाढी वाढलेली, केसांना तेल नाही, अंगावर एकच धोतर. किडे झाडावर असेपर्यंत हे ढिवर घरी जात नाहीत, दाढी करत नाहीत, आणि जन्माचे मासेमार असून मासळीला शिवत नाहीत. किड्यांना किडे म्हणायचं नाही, लेकरं म्हणायचं. मोठ्याने बोलायचं नाही. आणि बाईची सावली बनात पडू द्यायची नाही.

"ते म्हणतात, बायकांना आत जायची परवानगी नाही," मी सांगितलं.

नागाईबाई चिडतील असं मला वाटलं होतं. चिडल्या असत्या तर बरंच झालं असतं, निदान मला माफी मागता आली असती. पण त्यांनी छत्री मिटली, डोळे मिटले आणि तशाच उभ्या राहिल्या. वारा पडलेला होता. दुपारचं ऊन ऐनाच्या पानांतून गाळून खाली येत होतं, आणि ते सगळं रान पाण्याच्या तळाशी असल्यासारखं हिरवं दिसत होतं.

"इथून ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

"काय ऐकू येत नाही?"

"त्यांचं जेवण."

त्यांच्या इंग्रजीचा घोळ झाला असावा, असं समजून मी मान हलवली.

लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती. जगातले सगळे देश एकमेकांना शिकवायला निघाले होते. नागपूर तेव्हा राजधानीचं गाव, आणि तिथे एका जुन्या बराकीत आमचा तांत्रिक साहाय्य समन्वय कक्ष होता. हे नाव पूर्ण उच्चारेपर्यंत समोरच्याचा चहा गार व्हायचा. काम मात्र ऐकायला सोपं होतं. एका देशाचा माणूस, दुसऱ्या देशाचं यंत्र आणि आपल्याकडचं एखादं गाव, या तिघांची एका जागी, एका वेळी गाठ घालून द्यायची. ही गाठ कधी पडत नसे. ट्रॅक्टर यायचे तेव्हा ते चालवायला शिकवणारा परत गेलेला असायचा. गाईंचा एक तज्ज्ञ आम्ही अशा तालुक्यात धाडला होता, जिथे घरोघर म्हशी होत्या. तो बिचारा रोज म्हशींकडे बघून उसासे टाकायचा.

या वेळी माणूस वेळेवर आलं, गावही बरोबर निघालं. पण ते माणूस बाई होतं. आम्ही रेशमाचा तज्ज्ञ मागितला आणि जपानने त्यांच्याकडचं सगळ्यांत जाणतं माणूस पाठवलं. तिकडे अंड्यापासून धाग्यापर्यंत रेशीम हे बायकांचंच काम. इकडे बाईची सावलीसुद्धा चालत नाही. दोन्ही देशांनी एकमेकांना भरपूर कागद लिहिले, पण याविषयी कुणी अवाक्षर लिहिलं नाही. ज्याला त्याला ते इतकं उघड वाटत होतं की लिहिण्यासारखं त्यात काही आहे, हेच सुचलं नाही.

मी निघताना आमचे बोकारे साहेब म्हणाले होते, "सुमतीबाई, गंमत म्हणून जाऊ नका. तीन वर्षं कोसा मरतोय. रोग आहे म्हणतात. यंदाही पीक गेलं तर ते ऐनाचं जंगल रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरांसाठी तोडायला देणार आहेत. दिवाळीच्या आत पाहणी व्हायची आहे. वरून ठरलंय, माझ्या हातात काही नाही."

साहेबांच्या हातात कधीच काही नसायचं, हे खरं. पण ऐन तोडले की कोशाचे किडे राहणार कशावर आणि मांडवटोल्याचे ढिवर जगणार कशावर, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

फागू आत गेला आणि ऐनाच्या पानावर एक मेलेलं लेकरू घेऊन आला. बोटभर लांब, अजूनही पानासारखं हिरवंगार. पण अंगावर मिरीची पूड शिंपडावी तसे काळे ठिपके होते. त्याने ते पान बोरीखाली ठेवलं आणि चार पावलं मागे सरला. नागाईबाई गुडघे टेकून बसल्या.

"हा आजार मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "हा इथे, झाडावर येत नाही. आईच्या पोटातून येतो. मला आई दाखवा."

मी फागूला सांगितलं. तेव्हा तो पहिल्यांदा जरासा हसला.

"माय पाहाची असन तं मले कायले विचारता, बाई? ते काई आमचं नाई. माझ्या घरी जा, भागरतेले विचारा."

तेव्हा मला उमगलं, की या गावाने किड्याच्या जन्माची वाटणीच करून टाकलेली आहे. झाडावरचं लेकरू पुरुषांचं. त्याने कोश बांधला की पुरुष दाढी करून, नदीवर आंघोळ करून कोशांची टोपली घराच्या उंबऱ्यावर आणून ठेवतात, आणि तिथून पुढे सगळं बायकांचं. कोशातून पाखरू निघणं, अंडी घालणं, ती राखणं, यात पुरुषाने बोट घालायचं नाही. आमच्या कक्षाने सूक्ष्मदर्शक ठेवायला बनात तंबू ठोकायचं ठरवलं होतं. तो तंबू मी तिथल्या तिथे मनातून गुंडाळून टाकला.

पोळ्याला पहिलं पीक उतरलं आणि दिवाळीच्या पिकाचं बी घेऊन पुरुष बनातून परतले. भागरताबाईच्या घरात आढ्याखाली कोशांच्या माळा लटकू लागल्या. देठासकट ओवलेले राखी रंगाचे कोश, एकाखाली एक. दारातून वारा आला की ते एकमेकांवर हलके आपटत आणि लाकडी खुळखुळ्यासारखा आवाज होई. आम्ही दोघी शाळेच्या खोलीत राहत होतो, पण दिवस सगळा त्या माळांखाली जायचा. ते दिवस आठवले की मला खरे वाटत नाहीत. कुणी तरी सांगितलेल्या गोष्टीत मी चुकून शिरले होते, असं वाटतं.

भागरताबाई उंच, काळीसावळी, कपाळावर गोंदण. माझ्याहून फार मोठी नसावी, पण मला ती 'पोरी' म्हणायची आणि नागाईबाईंना 'माय'. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी मध्ये बसून इकडचं तिकडे करायची, आणि कधी कधी मला वाटायचं, मी नसते तरी यांचं भागलं असतं.

एका संध्याकाळी पहिलं पाखरू निघालं. कोशाचं टोक ओलं झालं, मऊ पडलं, आणि त्यातून एक चुरगळलेला जीव बाहेर आला. हळूहळू पंख उलगडले. तळहाताएवढे, हळदी रंगाचे, आणि प्रत्येक पंखावर एकेक गोल, काचेसारखी आरपार खिडकी. चिमणीच्या उजेडात ते पंख हलले आणि त्या खिडकीतून मला पलीकडची ज्योत दिसली.

"हिला तोंड नाही," नागाईबाई म्हणाल्या. "ठाऊक आहे ना यांना? ही काही खात नाही. लहानपणी खाल्लं तेवढ्यावर जगते, अंडी घालते आणि जाते."

मी सांगताच भागरताबाई म्हणाली, "म्हून तं आमी बी खात नाई."

तिने बोट दाखवलं. घरातली चूल सकाळीच सारवून ठेवलेली होती, आणि तिच्यावर रांगोळीची एक रेघ होती. या माया, म्हणजे अंडी घालणारी पाखरं, घरात असेपर्यंत चूल पेटायची नाही. पोराबाळांना आणि पुरुषांना शेजारणी जेवू घालत. घरच्या बाईने मूठभर मुरमुरे आणि पाणी यांवर राहायचं. जी उपाशी राहून बाळंत होते, तिच्यासमोर कसं जेवायचं?

मग खरी अडचण आली. नागाईबाईंची रीत अशी, की पाखराने अंडी घातली की त्याला ठेचायचं आणि पोटातला रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. रोगाचे कण दिसले तर त्या आईची सगळी अंडी जाळायची. मी ते जमेल तितक्या गोड शब्दांत सांगितलं. गोड शब्द काही उपयोगाचे पडले नाहीत.

"जिती माय मारून तिच्या पोटात पाहाचं?" भागरताबाई उठून उभी राहिली. "इथं? माझ्या घरात?"

मी भाषांतर करण्याआधीच नागाईबाईंनी हात जोडले. चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं होतं.

"विचारा तिला," त्या मला म्हणाल्या, "अंडी घातल्यावर ही किती जगते?"

"जगते दोनचार दिस. मंग आपसूक पडते. तिले आमी हळदकुंकू लावून ऐनाच्या बुडात ठेवतो."

"मग आपण थांबू. आपोआप मेली की पाहू. वाळलेल्या पाखरातही ते कण दिसतात, फक्त वेळ जास्त लागतो. पण एक करायला हवं. प्रत्येक आई वेगळी बसली पाहिजे. कुणाची अंडी कुठली, ते समजलं पाहिजे."

वर्षानुवर्षं सगळी पाखरं एकाच टोपलीत अंडी घालत आली होती. भागरताबाई विचारात पडली. मग बाहेर जाऊन पळसाची पानं घेऊन आली, आणि गावातल्या बायकांना हाक मारली. त्या संध्याकाळी त्या घरात बारीक काड्या टोचून द्रोण लावायचं काम चाललं, जसं लग्नघरात चालतं. एकेका द्रोणात एकेक माय, वर दुसऱ्या पानाचं झाकण. सगळी जमीन हिरव्या द्रोणांनी भरून गेली. नागाईबाईही द्रोण लावत होत्या. त्यांचे द्रोण इतके नेटके होत होते की बायका ते उचलून एकमेकींना दाखवत होत्या आणि हसत होत्या.

"जपानात बी पत्रावळीवर जेवतेत का वो?" एकीने विचारलं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला नागाईबाईंना बराच वेळ लागला, कारण त्यांनी तो फार गंभीरपणे घेतला.

आता सूक्ष्मदर्शक. तो स्वित्झर्लंडने दिला होता आणि नागपूरला पोचलाही होता. फक्त आमच्या कक्षाने तो हिवतापवाल्या पथकाला देऊन टाकला होता. मी आधीच्या आठवड्यात माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. शेवटी मीच मिळेल त्या वाहनाने नागपूर गाठलं.

"अहो, त्यांनाही डास बघायचेच आहेत," बोकारे साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात दुसरा येतोय."

"साहेब, पुढच्या महिन्यात माया नसतील."

"कोण माया?"

मी खुर्ची ओढून बसले आणि उठलेच नाही. साहेबांना मी ओळखून होते. ओरडणाऱ्या माणसाला ते दाद देत नसत, पण समोर कुणी गप्प बसून राहिलं की त्यांना काम सुचत नसे. दुपारी जेवायला गेले आणि परत आले तरी मी तिथेच. शेवटी त्यांनी टेलिफोन उचलला. दुसऱ्या दिवशी तो लाकडी पेटारा मांडीवर धरून मी मांडवटोल्याला परत आले. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला पेटाऱ्यातली काच किणकिणायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

मी पोचले तेव्हा घरात शुकशुकाट होता. द्रोणांतली पाखरं निजल्यासारखी पडली होती. भिंतीला टेकून भागरताबाई, आणि तिच्या शेजारी नागाईबाई. दोघींचे ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले.

"तुम्ही जेवला नाहीत?" मी नागाईबाईंना विचारलं. "तुमच्यासाठी शाळेत डबा पाठवायला मी सांगून गेले होते."

"तो मुलांनी खाल्ला," त्या म्हणाल्या.

"लय मनवलं मी," भागरताबाई म्हणाली. "म्हटलं, माय, तू पाहुनी हायेस, तुले चालते. आयकतच नाई." मग माझ्याकडे बघून बारीक हसली. "तू खाल्लीस ना वो पोरी वाटंत?"

खाल्ली होती. बिस्किटं, तीही पुडाभर.

सूक्ष्मदर्शक उंबऱ्याजवळ उजेडात ठेवला. नागाईबाई एकेका मेलेल्या मायेला नमस्कार करायच्या आणि मग तिच्या पोटाचा तुकडा पाण्यात चुरडून काचेखाली धरायच्या. पाहायच्या, आणि द्रोण डावीकडे ठेवायच्या. पुन्हा पाहायच्या, पुन्हा डावीकडे. उजवीकडे काही जाईचना. मी डोळा लावून पाहिलं. आत राजगिऱ्याचे दाणे सांडावेत तसे चकाकणारे गोल कण दिसले, पाण्यात हळूच थरथरत असलेले. दिसायला सुंदर होते, हे सांगायला मला आजही संकोच वाटतो.

काम संपलं तेव्हा डाव्या बाजूला द्रोणांचा ढीग होता आणि उजवीकडे एका सुपात मावतील इतके द्रोण.

"डावीकडचे सगळे जाळायचे," नागाईबाई म्हणाल्या.

हे भाषांतर मी हळू आवाजात केलं. अंगणात बसलेल्या फागूपर्यंत ते गेलंच. आत यायचा त्याला अधिकार नव्हता. तो दारातूनच म्हणाला, "सप्पा? सप्पा जाराचं? मंग बनात चढवू काय, गोटे? भागरते, एवढ्याशा बिजात पाहनीवाले काय पाहातीन? उद्याच कुऱ्हाडी घेऊन येतीन."

भागरताबाईने एक द्रोण उचलला. आत मोहरीहून जरा मोठी, चपटी अंडी पानाला चिकटलेली होती. काही वावगं त्यांत दिसत नव्हतं.

"ते तं बरे दिसतेत," ती मला म्हणाली. "तिले विचार. पक्कं हाय का? चुकत तं नाई ना?"

मी विचारलं. नागाईबाई म्हणाल्या, "एखाद्या द्रोणात चुकूही शकते. सगळ्यांत नाही."

"मंग बरे बी जरतीन त्यात?"

"हो."

मला वाटलं, संपलं. एवढं खरं बोलायची काय गरज होती? बाईने नुसतं 'पक्कं आहे' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? भागरताबाईने द्रोण खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

मग नागाईबाई बोलू लागल्या. माझ्याकडे बघून नव्हे, तिच्याकडे बघून. मी फक्त मागून शब्द ठेवत गेले.

"आमच्या गावातही प्रत्येक घरात किडे होते. माळ्यावर. मी सून म्हणून गेले तेव्हा पहिल्या रात्री मला वाटलं, पाऊस लागलाय. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, पाऊस नाही, जेवतायत. हजारो किडे पान खातात तेव्हा तसा आवाज येतो. पुढे लढाई आली. हुकूम आला, तुती उपटा, रताळी लावा. माणसांना खायला नाही, किड्यांना कुठून देणार? पाला संपला. किडे ओरडत नाहीत. मान वर करून वाट बघतात, बस. घर एकदम शांत झालं. मी देवळामागच्या एका झाडाचा पाला चोरून आणून एक ताटभर जगवले. सासूबाईंच्या हातचं बियाणं होतं ते. लढाई संपली तेव्हा आमच्या खोऱ्यात तेवढंच उरलं होतं."

त्या थांबल्या. मीही थांबले.

"त्यांच्यावर असेच ठिपके आले. मी शिकलेली होते, मला कळत होतं. जाळायला हवं होतं. पण मी किती कष्टाने जगवले होते. वाटलं, काही तरी वाचतील. बरे दिसत होते. शेजारणी मागायला आल्या, मी सगळ्यांना वाटले. दोन वर्षांत सगळ्या खोऱ्यातल्या माळ्यांवर काही उरलं नाही. तेव्हापासून मी तो आवाज ऐकलेला नाही. मी जाळलं नाही, म्हणून."

भागरताबाई उठली. चुलीजवळ गेली आणि रांगोळीची रेघ पायाने नव्हे, हाताने पुसली. चूल पेटवायची वेळ झालेलीच होती, माया सगळ्या गेल्या होत्या. तिने काड्या रचल्या, फुंकर घातली, आणि डावीकडचा पहिला द्रोण उचलून आगीत ठेवला.

"आण पोरी," ती मला म्हणाली, "पुढे दे एकेक."

मी देत गेले. पळसाचं हिरवं पान आधी धुमसतं, मग एकदम पेटतं. शेवटचा द्रोण गेल्यावर त्याच चुलीवर तिने भात चढवला. आम्ही तिघींनी तो भात मीठ लावून खाल्ला. भागरताबाई जेवताना रडत होती आणि नागाईबाई तिच्या पानात पुन्हा पुन्हा भात वाढत होत्या.

अंडी फुटायच्या आधीच नागाईबाईंची मुदत संपली. मी बोकारे साहेबांकडे महिन्याची वाढ मागितली. साहेब म्हणाले, करार म्हणजे करार. मी पुन्हा खुर्ची ओढून बसले, पण या वेळी टेलिफोनवरूनही काही झालं नाही, दुसऱ्या टोकाला खरंच कुणाच्या हातात काही नव्हतं. नागपूर स्टेशनवर त्या छत्री हातात धरून डब्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांना मी विचारलं, काही निरोप? त्या म्हणाल्या, "मी एकदाही पाहिले नाहीत ते. झाडावरचे." आणि गाडी हलली.

दिवाळीच्या तोंडावर पाहणी झाली. पाहणीचे साहेब बनात जाऊन आले. त्यांनी झाडावर पीक थोडं आहे असं सांगितलं, पण रोगाचं एकही लेकरू सापडलं नाही, हेही सांगितलं. स्लीपरांचं काम त्या वर्षापुरतं थांबलं. मग ते थांबलंच.

साहेबांची जीप गेल्यावर मी बोरीपर्यंत चालत गेले. बघते तर भागरताबाई तिथे आधीच उभी. कुंपणाकडे तोंड करून, हालचाल न करता.

"इथं कशी?" मी विचारलं. बायका सहसा त्या बाजूला फिरकतच नसत.

"त्यानं बलावलं," ती म्हणाली. "पोराच्या हाती सांगून धाडलं, बोरीपाशी येऊन उभी राय."

आत फागू होता. दाढी वाढलेली, हातात पक्षी हाकायची गोफण. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आतले मोठमोठे ऐन पाल्याने नुसते लदलेले होते, पण त्यांच्यावर एकही लेकरू नव्हतं. उरलेलं सगळं बी त्याने काठावरच्या झाडांवर चढवलं होतं. अगदी कुंपणाला लागून, बोरीपासून हाताच्या अंतरावर.

"आतल्या झाडांवर का नाही चढवलं?" मी कुंपणावरून विचारलं.

"तिकडचा पाला जून हाय," फागू हळूच म्हणाला. तिकडचा पाला कोवळा लुसलुशीत होता, मला दिसत होता.

मी आणखी काही विचारणार, तेवढ्यात भागरताबाईने माझा हात धरला. वारा पडला होता. ऊन हिरवं झालं होतं. आणि त्या हिरव्या शांततेत मला ते ऐकू आलं. सगळीकडून एकदम, बारीक, न थांबणारं, कौलांवर पाऊस पडतो तसं.

भागरताबाई लग्न होऊन आली त्या वर्षापासून या लेकरांच्या माया सांभाळत होती, त्यांच्यासाठी उपाशी राहत होती. त्यांचं खाणं तिने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. तिचा चेहरा बघून मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"एवढी भूक," ती पुटपुटली. मग माझा हात गदगदा हलवून म्हणाली, "त्या मायले सांगजा. लेकरं खाऊन रायले म्हून सांगजा."

परतताना तालुक्याच्या पोस्टात मी इंग्रजीत तार लिहून दिली. पोस्टमास्तरांनी चष्मा वर करून ती वाचली, पत्ता वाचला, पुन्हा मजकूर वाचला.

"'खात आहेत.' एवढंच?" ते म्हणाले. "कोण खातंय, काय खातंय, काही नाही. अहो बाई, जपानला जाणार ही तार. दोन शब्द आणखी घाला, त्यांना समजायला नको का?"

"समजेल," मी म्हणाले.